बिनतोंडाची पेटी

"टेकू नकोस तिला. ती काय तुझी बायको आहे?"

आवाज ट्रकच्या उघड्या दारातून आला होता, आणि त्याला किती वर्षं झाली हे मोजणं चेटनं केव्हाच सोडून दिलं होतं. तेव्हा तो या रस्त्यांवर नवा होता. बुटात खडा गेला म्हणून कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीला खांदा लावून एका पायावर उभा होता, आणि मागून हा आवाज आला, जरा घोगरा, हसू दाबलेला, दातांत केसाची पिन धरून बोलल्यासारखा. वळून बघितलं तर खरंच दातांत पिन होती. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई टपालाचं पोतं ओढत ट्रकमधून खाली उतरत होती. बायको नाही, तो म्हणाला होता, पण दिवसभरात माझी वाट बघणारी तेवढी एकच आहे. बाईनं पिन केसांत खोचली, पेटीचं कुलूप काढलं, पोतं आत ढकललं आणि ट्रक घेऊन निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात बर्नाडीन त्याची बायको झाली. तो आवाज मात्र तिच्याबरोबर घरी आला नाही. घरी तिचा दुसरा आवाज होता, थकलेला, चपला शोधणारा. हा त्या कोपऱ्यावरच राहिला, विहिरीत टाकलेल्या हाकेसारखा, आणि चेट पेटीशी वाकला की रोज एकदा वर यायचा.

निळ्या पेटीत लोक पत्रं टाकतात. हिरवीला तोंडच नसतं. अंगानं तीही तशीच, तेवढीच उंच, डोक्याशी तशीच गोल, पण फट नाही, झडप नाही. फक्त एक दार आणि एक कुलूप. पायी फिरणाऱ्या माणसाच्या खांद्यावर दिवसभराचं टपाल मावत नाही, म्हणून रिलेचा ट्रक पुढे जातो, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या हिरव्या पेट्यांत पोती ठेवत जातो, आणि मागून चालणारा एकेक गल्ली वाटून रिकामा झाला की पुढची पेटी उघडून पुन्हा खांदा भरून घेतो. किल्ली दोघांकडेच, आधी येणाऱ्याकडे आणि मागून येणाऱ्याकडे. बाल्टिमोरच्या या पूर्वेकडच्या गल्ल्यांत जन्म काढलेली माणसंसुद्धा कधी कधी हातात पाकीट घेऊन तिच्याभोवती फिरतात, तोंड शोधतात, आणि सापडलं नाही की कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडे तिकडे बघतात. बर्नी म्हणायची, सगळं पोटात ठेवते आणि बोलत नाही, शहाणी बाई आहे ती, माझ्यासारखी नाही.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी चेटनं पेटी उघडली तेव्हा पोत्यावर एक पुडी होती. मेणकागदाची, दोन्ही टोकं आत दुमडलेली. त्यानं हात ठेवला आणि हात तसाच राहिला, कारण पुडी गरम होती. ऑगस्ट संपता संपता त्याच्या हातांना काहीतरी झालं होतं. सगळं लागायचं, पण मोज्यातून लागल्यासारखं. दाढीचं पातं, कॉफीचा पेला, दारांवरच्या पितळी झडपा. पायावर पाय टाकून फार वेळ बसल्यावर पाय मेल्यासारखा होतो, अजून मुंग्याही आलेल्या नसतात, तसं काहीतरी अंगभर. त्याला त्याचा त्रास होत नव्हता. उलट बरं होतं. आणि आता तळहाताच्या मधोमध एक पैशाएवढी जागा गरम झाली होती आणि तेवढीच त्याची होती. त्यानं पुडी उचलून खांद्यावरच्या पिशवीत टाकली, दार लावलं, साखळीची किल्ली खिशात सोडली आणि चालू लागला.

ऑगस्टातला तो रविवार होता. बर्नाडीन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून पायमोजे काढत होती. एक काढून झाला होता. दुसरा घोट्यापर्यंत गुंडाळलेला, आणि ती खाली वाकलेली, जणू फरशीवर काही पडलंय ते बघतेय. चेट शेजारच्या खोलीतून बेसबॉलचा स्कोअर सांगत होता. सांगून झाल्यावर त्यानं पुन्हा सांगितला. मग जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. बंदरापलीकडे कर्टिस बेला त्यांचं चर्च होतं, तिथे पोलिश गाणी झाली, खालच्या दालनात हॅम आणि बटाट्याचं सॅलड झालं, टपाल कचेरीतली सगळी माणसं टाय बांधून आली आणि त्याच्या हाताला हात लावून गेली. कचेरीतलं तिचं कपाट कुणीतरी रिकामं करून एका खोक्यात त्याच्याकडे दिलं. एक कंगवा, पावसाळी टोपी, खोकल्याच्या गोळ्या. या गल्ल्यांतलं मात्र कुणी आलं नाही, कारण कुणाला कळलंच नव्हतं. इथल्या लोकांना बर्नी म्हणजे एक ट्रक, खिडकीबाहेर आलेलं एक कोपर, आणि कोपरा वळताना हॉर्नचे दोन ठोके.

कामावर परत आला त्या पहिल्या सकाळी हावलिक म्हातारा नेहमीसारखा पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर उशी घेऊन बसला होता. डबे भरायच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला गल्लीवर नजर ठेवण्याशिवाय काम नव्हतं. बर्नी कुठाय, त्यानं विचारलं, हा नवा हॉर्न वाजवत नाही, मला सकाळ झालेली कळत नाही. चेटनं तोंड उघडलं ते सांगायलाच. आणि आपल्याच तोंडातून आलेलं त्यानं कान देऊन ऐकलं: बहिणीकडे गेलीय, स्क्रँटनला. ठरवलेलं नव्हतं. तोंडाला वाट सापडली नाही तेव्हा ते शेजारच्या गल्लीत वळलं, एवढंच. पुढच्या दारी विचारणारीला तेच सांगावं लागलं. बहिणीला काय झालं? पाय मोडला. कसा? जिन्यावरून. अगं बाई, कुठल्या? तळघराच्या. मग पायाला प्लास्टर घालावं लागलं, मग बहिणीच्या घरी एक कुत्रा आला जो चेटनं कधी पाहिला नव्हता, कारण बर्नीला बहीणच नव्हती. दिवसामागून दिवस ते घर भरत गेलं. बर्नी तिथे कुत्र्याला फिरवते. तिला तिथली हवा मानवते. तिनं मागच्या व्हरांड्याला रंग काढलाय. आता तिला थोडी सर्दी आहे. संध्याकाळी बस पकडून बंदर ओलांडलं की तिकडे ती मेलेली होती. कचेरीत, वाटणीच्या खणांसमोर, घड्याळाखाली मेलेली होती. खुर्चीत, पलंगात, तर फारच मेलेली होती. पण या हिरव्या पेटीपासून त्या हिरव्या पेटीपर्यंत, या एवढ्या गल्ल्यांत, बर्नाडीन वोइनार जिवंत होती, आणि तिला जिवंत ठेवायला रोज पायऱ्या चढून एवढंसं खोटं घालावं लागत होतं, तव्यावर थेंबभर तेल टाकावं तसं. सुटीच्या दिवशी दुसरा माणूस या वाटेवर यायचा आणि चेट घरी बसून घामाघूम व्हायचा. त्याला कुणी विचारलं तर? एक वाक्य, आणि ही गल्लीसुद्धा गेली.

तो पायऱ्या चढत होता, उतरत होता. इथली घरं खांद्याला खांदा लावून उभी, मध्ये बोटभर जागा नाही. रस्त्याकडच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर चित्रं रंगवलेली. लाल छपराची झोपडी, तळं, हंस. बाहेरून बघणाऱ्याला हंस दिसतो. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं. इतकी वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक हंसामागून कुणीतरी त्याच्या चेहऱ्याकडे बघतंय असं वाटायचं, आणि तो चेहरा नीट धरून चालायचा, भरलेली बशी धरावी तसा. पिशवीतून वास यायला लागला होता. त्यानं चालता चालता कागद सोडला आणि एक घास घेतला.

हिरव्या मिरच्या, जाड्या, बिनतिखट, तेलात मऊ होईपर्यंत परतलेल्या, त्यात अंडं, आणि शेवटी व्हिनेगरचा तो एवढासा चटका, जिभेच्या कडेला. पावाला आतून तेल सुटलेलं. चेट थांबला नाही. पाय चालत राहिले. कोण जाणे किती वर्षं, पाऊस असो, बर्फ असो, या पेटीत पोत्यावर हीच पुडी असायची आणि हाच घास. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्याला कळलं होतं की बर्नाडीनला स्वयंपाक येत नाही. बटाटे करपायचे, सूप पातेल्याला धरायचं, नाताळचे पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात विरून जायचे आणि ती चमचा घेऊन त्यांना शोधत बसायची. मग ही मिरची कशी जमते, त्यानं विचारलं होतं. कचेरीत ड्रायव्हरांच्या खोलीत विजेची शेगडी आहे तिच्यावर करते, ती म्हणाली. घरी तू हातांकडे बघत राहतोस, म्हणून बिघडतं. त्यानंतर त्यानं घरी तिच्या हातांकडे बघणं सोडलं. तरी बटाटे करपायचेच. पण ती काहीतरी गुणगुणत असायची, आईकडून आलेलं, शब्द अर्धे पोलिश आणि अर्धे विसरलेले, आणि त्यातलं त्याला जेवढं कळायचं ते असं होतं:

वाट चालणाऱ्या, वाट तुझी दूर,
चुलीवर धूर माझ्या घरी;
खांद्यावरचं ओझं टेकव दारात,
घोटभर हातात घेई पाणी.

दुसरा घास त्याला घेववेना. मेलेल्या माणसाचा हात इतका गरम कसा, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि निघून गेलं. मनात येणारं सगळं हल्ली असंच यायचं, आगगाडीच्या खिडकीतून दिसल्यासारखं, दिसायचं आणि मागे जायचं. भीती वाटायला हवी होती. नवलही वाटायला हवं होतं. तो पायरी चढला, पितळी झडप उचलली, सोडली. खट्. उतरला. पुढची पायरी. खट्. ऊन पडलेलं होतं, कुणीतरी पायऱ्या घासल्या होत्या आणि साबणाचं पाणी फरशीच्या कडेनं वाहत होतं. खट्.

"आज काय, वारा वाटतोयस का रे?"

हावलिक. उशीवरून पुढे वाकून तो चेटच्या हाताकडे बघत होता. चेटनंही बघितलं. हात रिकामा होता. खांद्यावरची पिशवी रिकामी, तळाशी फक्त अर्धी खाल्लेली पुडी. पोतं पेटीतच राहिलं होतं. गल्लीची एक सबंध बाजू त्यानं काहीही न टाकता वाटून काढली होती. प्रत्येक दारी चढून, झडप उचलून, प्रत्येक घरात नीट, न चुकता, काहीच नाही टाकलं होतं. हावलिक म्हणाला की त्याची हरकत नाही, बिलांपेक्षा वारा बरा, पण बायको परगावी गेली की पुरुषाचं डोकं पहिलं जातं हे त्यानं ऐकलं होतं आणि आज पाहिलं. तिला बोलावून घे, तो म्हणाला, बहिणीचा पाय काय, एक पाय तिच्याकडे आहेच की दुसरा. चेट हसला. हसताना गाल कुठून कुठे जातात ते त्याला आठवावं लागलं. मग तो वळून पेटीकडे परत निघाला.

पेटीपाशी व्हर्नेल गेदर होता. बर्नीच्या जागी आलेला ड्रायव्हर. थोराड, केस पांढरे व्हायला लागलेला, दुसऱ्या कचेरीतून बदलून आलेला. पलीकडची निळी पेटी रिकामी करून तो पत्रं गोणीत भरत होता आणि काहीतरी चर्चातलं गात होता, ओठ न हलवता. चेटनं पुडी त्याच्यापुढे धरली. हे तू ठेवलंस का, त्यानं विचारलं. व्हर्नेलनं गोणीची दोरी आवळली, गाठ मारली, आणि मगच वर बघितलं.

"ठेवलं मी. केलं नाही. त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीनं हातात दिलं," तो म्हणाला. "म्हणाली, बर्नी आहे बहिणीकडे, तोवर तू ठेव."

कचेरीतल्या टाय बांधून आलेल्या माणसांत नुकताच बदलून आलेला व्हर्नेलही होता. चर्चच्या पायऱ्यांवर टोपी छातीशी धरून उभा होता, हे आता, इतक्या उशिरा, चेटला दिसलं.

"मी म्हातारीला काही बोललो नाही," व्हर्नेल म्हणाला. "हो म्हटलं आणि पुडी घेतली. पण एक सांगतो भावा, राग मानू नकोस. आज तिनं मला काही विचारलं नाही. उद्या विचारलं, बर्नी कशी आहे, तर मला दुसरं उत्तर येत नाही. मी रविवारी चर्चात उभा राहून गातो. त्याच तोंडानं हे मला जमणार नाही."

एवढं बोलून तो ट्रकमध्ये चढला. जाताना कोपऱ्यावर त्यानं हॉर्न वाजवला नाही. चेटनं पेटी उघडली. पोतं होतं तिथेच होतं, पुडीच्या जागी एक गोल ओलसर डाग. त्यानं गठ्ठे काढून पिशवीत रचले, वजन खांद्यावर घेतलं, आणि ते त्याला लागलं. नुसतं जड नाही, लागलं. पट्टा जिथे रुततो तिथे. उद्या, त्याच्या मनात आलं. आणि हे मागे गेलं नाही. उद्या ही गल्ली. परवा पुढची. बायका पायऱ्या घासता घासता एकमेकींना सांगतील. स्क्रँटनचं ते घर, रंग काढलेला व्हरांडा, सर्दी झालेली बर्नी आणि नसलेला कुत्रा, सगळं एका दुपारी संपेल, आणि ते संपवणारा व्हर्नेल असेल, चेट नाही.

"अर्धंच खाल्लंस. मीठ कमी पडलं का?"

हंसामागून आवाज आला. मग दार उघडलं आणि फिलोमेना टुरको बाहेर आली. काळा झगा, पायात मेलेल्या नवऱ्याच्या सपाता, हातात झाडू, पण झाडायला नाही, टेकायला. गल्लीत तिला सगळे फिलोमेनाबाई म्हणत. चेट म्हणाला, मीठ बरोबर आहे. ती म्हणाली, मग खा. तो म्हणाला, खातो. ती तिथेच उभी राहिली, आणि तो खाईना तेव्हा पायरीवर बसली, हळूहळू, एकेक सांधा समजावत. कालच तिनं जाळीतून त्याला पाहिलं होतं, ती म्हणाली, कॉलरीतून मान अशी वर आलेली, घंटेतल्या लोलकासारखी, आणि तिला राहवलं नाही. मागे अंगणात मिरच्या अजून लागतायत. कबुतरांना किती घालायच्या?

"बाई, हे अगदी तिच्या हातचं लागतं," चेट म्हणाला. "कसं?"

फिलोमेनाबाईनं झाडू मांडीवर आडवा घेतला. ती हसली, आणि मग हसू आवरून दोन्हीकडच्या खिडक्यांकडे बघितलं.

"तिच्या हातचं नव्हतंच कधी. माझ्या हातचं," ती म्हणाली. "आता सांगून टाकते. नाहीतर मी मरून जाईन आणि श्रेय तिला राहील."

मग तिनं सांगितलं, सगळं एका दमात, इतकी वर्षं दाराआड उभं केलेलं. तिचा नवरा साल्वातोरे पोलादाच्या गिरणीत होता, त्याला रोज हेच लागायचं, मिरची आणि अंडं, शुक्रवारच्या उपवासालासुद्धा नुसतं अंडं नाही चालायचं. तो गेला तरी सकाळी हात उठायचे आणि तवा चढवायचे. हातांना कोण सांगणार? करून झालं की मग कळायचं, आणि ती ते तसंच गरम गरम फरशीवर कबुतरांपुढे टाकायची. एकदा समोर ट्रक थांबला. खिडकीतून रुमालवाली बाई म्हणाली, आजी, कबुतरांना मिरच्या घालता? माझं एक कबूतर आहे, पायी फिरतं, त्याला द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबली. मग रोज. पाव ती आणायची, मिरच्या हिच्या. आणि पहिल्याच आठवड्यात तिनं या पायरीवर उभं राहून हिच्याकडून शपथ घेतली होती.

"म्हणाली, त्याला सांगायचं नाही, आजी. घरी माझं करपलेलं निमूट गिळतो बिचारा. दिवसातून एकदा तरी त्याला वाटू दे की बायकोला येतं." फिलोमेनाबाईनं गुडघा चोळला. "आणि तू रोज घरी जाऊन तिचं कौतुक करायचास म्हणे. ती दुसऱ्या दिवशी येऊन मला ते जसंच्या तसं पोचवायची. आज मिठाला छान म्हणाला. आज म्हणाला, मिरची जरा जाड चिरली. तुमची माणसं टपाल पोचवतात, तसं."

चेट पिशवीचा पट्टा धरून उभा होता. विजेची शेगडी नव्हती. त्याच्यासमोर ड्रायव्हरांची ती खोली आली, जिथे तो कधी गेला नव्हता, आणि त्या खोलीतून ती शेगडी अलगद नाहीशी झाली, आणि तिच्या जागी ही पायरी आली, सकाळचं ऊन, रुमाल, आणि ती बोट ओठांवर धरून म्हातारीला दटावतेय. हे त्यानं रचलेलं नव्हतं. ऑगस्टापासून बर्नीनं जे जे केलं होतं ते सगळं त्यानं तिला करायला लावलं होतं. कुत्रा फिरवला, रंग काढला, शिंकली. स्क्रँटनची ती बाई शहाण्यासारखी ऐकायची. आणि ही, ही त्याला न विचारता समोर येऊन उभी राहिली होती, इतकी वर्षं त्याला फसवून, गाल फुगवून हसू दाबत. हिला कुणी रचू शकलं नसतं. हातांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांच्या टोकांना, मग मनगटापर्यंत, दुखतील इतक्या. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हीच ती, खुर्चीवर वाकलेली, एक पायमोजा काढलेला. स्क्रँटनची ती बाई कधी मेलीच नव्हती, मरायला आधी असावं लागतं.

साबणाचं पाणी वाहून गेलं होतं. फिलोमेनाबाई बोलतच होती. ती आली की माझ्याशी भांडेल, म्हणत होती, शपथ मोडली म्हणून दोन दिवस ट्रक थांबवणार नाही, मला ठाऊक आहे तिचा स्वभाव. भांडू दे. भांडायला तरी ये म्हणावं. माझे हात आता दुखतात, पाव आणायला दुकानापर्यंत जाववत नाही. आणि तिनं मान वर करून, उन्हात डोळे बारीक करून विचारलं,

"पाय बरा झाला असेल ना बहिणीचा एव्हाना? मग कधी येतेय ती?"

उत्तर तयार होतं. सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. ते जिभेवर आलेलंच होतं, रोजच्यासारखं. चेटनं पिशवी खांद्यावरून उतरवली, पायरीवर ठेवली आणि म्हातारीच्या शेजारी बसला.

"तिला बहीण नव्हती, फिलोमेनाबाई," तो म्हणाला. "बर्नाडीन मेली. ऑगस्टात. मी शेजारच्या खोलीत होतो."